कुंपणांतला आणि तळ्यांतला

या अंकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें असें संपादकांनीं आम्हांस सांगितलें, तेव्हांपासून आमच्या मनांत एकच विषय घोळत होता. परंतु तो मांडण्यास आम्हीं पुष्कळ दिवस टाळाटाळ केली. दोन लहान, मळकट रंगाच्या पक्ष्यांत भेद कोणता, हा प्रश्न पुष्कळांस क्षुल्लक वाटेल. पण टाळाटाळीचें कारण तें नव्हे. खरें कारण असें कीं, या प्रश्नाचें उत्तर आमच्या एका विद्यार्थ्यानें आमच्या आधीं दिलें होतें, आणि आम्हीं त्यावर तांबडी रेघ ओढली होती.

शाळेच्या पटांगणाच्या पश्चिमेस मेंदीचें जुनें कुंपण आहे, हें आजी-माजी विद्यार्थ्यांस सांगावयास नको. चेंडू त्यांत गेला म्हणजे तो काढण्यास कोणी जावें यावरून किती भांडणें झालीं असतील याची गणती नाहीं. कुंपणापलीकडे घाणेरीचें रान माजलें आहे, मधून मधून बाभळी आहेत, आणि तेथून उतरत गेलें कीं किलोमीटरभर अंतरावर गांवचें तळें लागतें. तळ्याच्या उथळ काठाला पाणकणीस, लव्हाळे आणि बोरू यांची अशी दाट पट्टी आहे कीं, आंत शिरलेलें म्हशीचें रेडकू दिसेनासें होतें.

दरवर्षीं गणपति विसर्जन होऊन थोडे दिवस गेले कीं, या मेंदीच्या कुंपणांतून एक आवाज येऊं लागतो. दोन गारगोट्या एकमेकींवर हळूच आपटाव्या तसा तो आवाज आहे: 'चेक्', मग थोडें थांबून पुन्हां 'चेक्'. घंटा होते, मुलें खेळावयास येतात, ओरडतात, जातात. हा आवाज आपला चालूच. तो करणारा प्राणी मात्र दिसत नाहीं. पांच मिनिटें डोळे लावून बसावें, तर एक पान हलतें, एक चोंच दिसते, आणि तेवढ्यांत सारें पुन्हां मेंदी होतें. फाल्गुन संपून उन्हें तापलीं कीं एके दिवशीं आवाज थांबतो, आणि पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत कुंपण मुकें राहतें.

हा पक्षी चिमणीहून लहान, तेरा-चौदा सेंटिमीटर लांबीचा, आणि वजनानें दहा रुपयांच्या नाण्याहून थोडासाच जड. अशा सतत वटवट करणाऱ्या लहान पक्ष्यांच्या मोठ्या गोतावळ्यास मराठींत 'वटवट्या' म्हणतात. (हें नांव ज्यांस शोभेल असे चार-दोन प्राणी आमच्या प्रत्येक वर्गांतहि आहेत, पण तो विषय निराळा.) या गोतावळ्यांतील जी शाखा बोरूंत आणि पाणगवतांत राहते तिचें नांव 'बोरू वटवट्या'. आमच्या निसर्गमंडळाच्या नोंदवहींत म्हणून आम्हीं फार वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें होतें: 'बोरू वटवट्या. कुंपण व तळें. सप्टेंबर ते एप्रिल.' एक नांव, एक ओळ. वर्षानुवर्षें त्याच ओळीपुढें आम्ही खूण करीत आलों.

२०१७ सालच्या डिसेंबरांत आम्हीं नववीच्या मुलांस निरीक्षणाच्या वह्या करावयास लाविल्या. बहुतेकांनीं त्या अशा वह्या लिहिण्याची जी पद्धत आहे त्या पद्धतीनें लिहिल्या. कावळा, साळुंकी, घार आणि कबुतर यांनीं पानेंच्या पानें भरलीं. एका मुलाची वही निराळी होती. हा मुलगा तळ्याच्या काठच्या वस्तींत राही. त्याचे वडील तळ्यावर मासे धरीत, आणि शाळेस येण्यापूर्वीं पहाटे तोहि त्यांच्याबरोबर जाळें ओढावयास जाई. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. त्यानें लिहिलें होतें:

'कुंपनातला आनी तळ्यातला एक न्हाई. तळ्यातल्याला लांब भिवई हाय. तो लालसर हाय. कुंपनातला मातकट हाय. आवाज बी येगळा.'

आम्हीं त्यांतले 'न' सुधारून 'ण' केले, 'न्हाई' आणि 'हाय' यांखालीं रेघा ओढल्या, आणि शेवटीं तांबड्या शाईनें शेरा दिला: 'दोन्ही पक्षी एकच. पुस्तकांत पाहून लिहावें.' गुण दिले दहापैकीं चार.

दुसऱ्या दिवशीं वर्ग सुटल्यावर तो थांबला. "सर, पन मी रोज बघतो त्याला," एवढेंच म्हणाला. आम्हीं त्यास उत्तर दिलें, "अरे, रोज बघणें निराळें आणि ओळखणें निराळें." हें वाक्य त्या वेळीं आम्हांस फार चांगलें साधलेलें वाटलें होतें. एवढ्यावरच आम्ही थांबलों नाहीं. शिक्षकांच्या खोलींत ती वही उघडून तो मजकूर आम्हीं मोठ्यानें वाचून दाखविला, आणि सर्वजण हंसलों. तो शब्दशः आमच्या स्मरणांत राहिला आहे तो यामुळेंच. त्या मुलानें पुढें वहींत पक्ष्यांविषयीं एक अक्षरहि लिहिलें नाहीं. २०१९ मध्यें तो दहावीची परीक्षा देऊन शाळेंतून गेला.

२०२० च्या मार्चांत साथीमुळें शाळा बंद झाल्या. पुढें त्या वर्षीं शिकविणें बहुतांशी मोबाइलवरच चाललें, तरी आम्ही कामासाठीं शाळेंत येत होतों. मुलांवांचून शाळा म्हणजे काय असतें तें ज्यानें पाहिलें त्यासच ठाऊक. पटांगणांत गवत वाढलें. व्हरांड्यांत कबुतरांनीं बिऱ्हाड केलें. ऑक्टोबरांत एके सकाळीं आम्ही कुंपणालगतच्या बांकावर सहज बसलों असतां नेहमींचा 'चेक्' ऐकूं आला, आणि थोड्याच वेळांत तो पक्षी चक्क बाहेरच्या फांदीवर येऊन बसला. ओरडणारें कोणी नव्हतें, चेंडू येत नव्हता. त्यास भिण्याचें कारणच उरलें नव्हतें. एका पालकांनीं शाळेस दिलेली दुर्बीण कपाटांत पडून होती. ती आणून आम्हीं तो हिवाळा त्या पक्ष्याच्या संगतींत घालविला.

त्याचें वर्णन करणें कठीण आहे, कारण वर्णन करण्याजोगें त्याच्यांत फारसें नाहींच. पाठ मातकट, किंचित् हिरवट झांक असलेली तपकिरी; पोट मळकट पांढरें; अंगावर ठिपका नाहीं, रेघ नाहीं, पट्टा नाहीं. चोंच लांबट आणि बारीक, कपाळ सपाट, त्यामुळें मुद्रा कांहींशी लांबोडी दिसते. डोळ्यावर फिकट भिवई आहे. पण ती चोंचीपासून निघून डोळ्याशीं येते तोंच विरून जाते, जणूं काढणाऱ्याच्या लेखणींतली शाई संपली. पंख आंखूड आहेत. इतके आंखूड पंख घेऊन हा प्राणी किती दूरवरून येतो तें पुढें सांगूं.

इतकें झालें तेव्हां आमच्या मनांत आलें कीं, आतां तळ्यावरचाहि एकदां नीट पाहून घ्यावा. आमची नोंद बरोबर असल्याची खात्री व्हावी हाच हेतु. संशय म्हणाल तर मनांत नव्हता. २०२१ च्या जानेवारींत एका पहाटे आम्ही काठावर जाऊन बसलों. धुकें होतें. सूर्य वर आल्यावर पाणकणसांच्या दोन उभ्या दांड्यांवर एकेक पाय रोवून, सर्कशींतल्या माणसाप्रमाणें तंगड्या फांकून, एक पक्षी वर चढत आला. दुर्बीण लावतांच आम्हांस प्रथम काय दिसलें असेल तर ती भिवई.

रुंद, फिकट, पिंवळसर पांढरी भिवई. डोळ्यावरून निघून डोळ्याच्या चांगली मागें गेलेली. तिच्या वरच्या कडेस काळसर छटा, आणि खालीं डोळ्यांतून जाणारी काळी रेघ. म्हणून ती अधिकच उठून दिसे. पाठ तांबूस, आणि शेपटीच्या वर, कमरेपाशीं, तो तांबूसपणा स्पष्ट. चोंच कुंपणांतल्याहून आंखूड, खालच्या चोंचीचें टोंक काळसर. शेपटी अंगाच्या मानानें लांब, आणि ती तो वरचेवर उडवीत होता. आवाजहि केला, पण तो गारगोट्यांचा टणक 'चेक्' नव्हे.

चूक कबूल करणें टाळावयाचें असेल तर मन किती वकील उभे करतें, याचा अनुभव आम्हांस त्या पहाटे आला. उन्हाचा रंग पडल्यामुळें पाठ तांबूस दिसत असेल. ओलीमुळें भिवई उठली असेल. हें पिल्लूं असेल. म्हातारा असेल. असे पांच-सहा दिवस आम्ही स्वतःशींच वाद घालीत रोज तळ्यावर जात होतों, आणि रोज ती भिवई पाहून परत येत होतों. सातव्या दिवशीं घरीं येऊन कपाटांतलें पक्ष्यांचें पुस्तक काढलें. 'पुस्तकांत पाहून लिहावें' असा शेरा ज्या पुस्तकाच्या भरंवशावर आम्हीं दिला होता तेंच हें पुस्तक. त्यांत दोन्ही पक्षी होते. एका पानावर एक, आणि पान उलटलें कीं दुसरा. आम्हीं इतक्या वर्षांत तें पान उलटलें नव्हतें.

कुंपणांतला तो ब्लाइथचा बोरू वटवट्या. तळ्यांतला तो भातशेतांतला वटवट्या. दोघे एकाच कुळांतले, पण जाति निराळ्या.

दोघांचीं नांवें शोधूं लागलों तों एक मौज कळली. भातशेतांतल्या वटवट्याचें शास्त्रीय वर्णन टी. सी. जर्डन यानें १८४५ मध्यें केलें. जर्डन मद्रास इलाख्यांत लष्करी डॉक्टर होता. त्यानें पक्ष्यास 'अॅग्रिकोला' हें लॅटिन नांव दिलें, म्हणजे 'शेतकरी'. दुसऱ्याचें वर्णन चारच वर्षांनीं, १८४९ मध्यें, एडवर्ड ब्लाइथ यानें केलें. ब्लाइथ कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा व्यवस्थापक होता. देशभरांतून लोक पाठवीत तीं पक्ष्यांचीं कातडीं समोर मांडून तो त्यांचे भेद निवडीत बसे, आणि डार्विनसारखे लोक त्यास पत्रें लिहून माहिती विचारीत. त्यानें दिलेलें नांव 'ड्युमेटोरम', म्हणजे 'झुडपांचा'. बोरूंचा नव्हे! पक्षी बोरूंत न राहतां झुडपांत आणि कुंपणांत राहतो, हें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं त्याच्या नांवांतच लिहून ठेविलें होतें. बोरू वटवट्यांच्या कुळांत जन्मास आल्यामुळें 'बोरू' हें उपनांव त्याच्या मागें लागलें, एवढेंच. जसे आमच्या गांवांत सोनार आडनांवाचे एक गृहस्थ सायकली दुरुस्त करतात. आणि आम्ही त्या उपनांवावर विसंबून तळ्यांतल्या खऱ्या बोरूवासीयालाहि तेंच चिकटवून बसलों.

दोघे कोठून येतात तेंहि सांगितलें पाहिजे. कुंपणांतला पक्षी उन्हाळ्यांत फिनलंडपासून रशिया ओलांडून सैबेरियापर्यंतच्या प्रदेशांत घरटें करतो. तेथें जूनच्या रात्रीं, जेव्हां काळोख असा फारसा पडतच नाहीं, तेव्हां तो झाडावर बसून गातो, आणि त्याचें गाणें म्हणजे बहुतेक नकलाच. इतर पक्ष्यांच्या ताना उचलावयाच्या, एकेक तान अनेकदां घोळून म्हणावयाची, मग पुढची घ्यावयाची. आमच्याकडे महिनोन्महिने 'चेक्' यापलीकडे तोंड न उघडणारा हा पाहुणा तेथें असा गवई आहे! जावयाच्या आधीं, एप्रिलांत, कधीं कधीं कुंपणांतूनहि गाण्याचे तुकडे ऐकूं येतात. ते ऐकण्यास पहाटे यावें लागतें. आम्हीं ते आजवर दोनदां ऐकले.

फिनलंडांत याचा एक भाऊबंद आहे, युरोपीय बोरू वटवट्या. दोघे उन्हाळ्यांत एकाच देशांत राहतात, दिसावयास इतके सारखे कीं तेथील जाणतेहि चकतात. पण थंडी आली म्हणजे तो भाऊबंद आफ्रिकेस जातो आणि आपला हा हिंदुस्थानची वाट धरतो. पांच हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास, आणि तोहि त्या आंखूड पंखांवर. भातशेतांतला मात्र इतक्या उत्तरेचा नव्हे. काळ्या समुद्राच्या कांठीं बल्गेरिया, रुमानिया येथील बोरूंच्या सरोवरांपासून कझाकस्तानांतून मध्य आशियापर्यंत त्याचीं घरटीं असतात. तेथें तो बोरूंत राहतो, आणि आमच्याकडे आला तरी पुन्हां बोरू, पाणगवत, भाताचीं खाचरें हींच शोधतो. माहेरीं आणि सासरीं एकच चाल ठेवणारा.

परंतु वाचकांनीं आमच्या सांगण्यावरून असें मात्र समजूं नये कीं, तळ्यावर दिसला तो एक आणि कुंपणांत दिसला तो दुसरा, एवढें धरलें म्हणजे झालें. तळ्याच्याच कांठच्या बाभळीवर आम्हीं टणक 'चेक्' ऐकला आहे, आणि दुर्बिणींतून पाहिलें तों कुंपणांतलाच. रंगावरहि फार भिस्त ठेवितां येत नाहीं; पिसें झिजलीं कीं रंग उडतो, आणि संध्याकाळच्या उन्हांत तर सगळेच तांबूस. जाणते लोक संशय उरला तर पक्षी बारीक जाळ्यांत धरून त्याच्या पंखांतील पिसांच्या लांबीचें प्रमाण मोजतात, पायांत क्रमांकाचें कडें घालतात, आणि सोडून देतात. आपल्याकडे मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी हें काम अनेक वर्षांपासून करीत आली आहे. आमच्यासारख्यांनीं भिवई, आवाज, चोंच, राहण्याची जागा आणि शेपटीची चाल हीं सर्व एकत्र पाहावीं. त्यांतहि पहिली भिवई. आमच्या विद्यार्थ्यानेंहि आधीं भिवईच लिहिली होती, मग रंग, मग आवाज.

या वटवट्यांच्या बाबतींत फसलेले आम्ही कांहीं पहिले नव्हे, हें कळलें तेव्हां थोडें बरें वाटलें, हें कबूल करतों. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हें नांव मुलांनीं इतिहासाच्या पुस्तकांत वाचलें आहे. १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईस जी राष्ट्रीय सभा भरली तिच्या संस्थापकांपैकीं ते एक. परंतु ह्यूमसाहेब पक्ष्यांचेहि मोठे अभ्यासक होते, हें इतिहासाच्या पुस्तकांत सहसा नसतें. १८६७ च्या नोव्हेंबरांत सतलजच्या खोऱ्यांत, रामपूरजवळ, त्यांस एक बोरू वटवट्या मिळाला. चोंच जरा मोठी, पंख जरा निराळे. त्यांनीं त्यास नवी जाति म्हणून नांव दिलें. पण पुढें तसा दुसरा पक्षी कोणास सांपडेना. तेव्हां ही जाति खरी, कीं माहितीच्याच एखाद्या जातींतला हा विचित्र नमुना, याबद्दल विद्वानांस संशयच राहिला. एकुलतें एक कातडें इंग्लंडच्या संग्रहालयांत पडून राहिलें. २००२ मध्यें त्या कातड्यांतील अंशांची आनुवंशिक तपासणी झाली, आणि ही जाति स्वतंत्रच आहे असें ठरलें. त्यानंतर २७ मार्च २००६ रोजीं थायलंडांत, सांडपाणी शुद्ध करण्याच्या तळ्यांपाशीं, फिलिप राउंड नांवाच्या पक्षीशास्त्रज्ञास जाळ्यांत तोच पक्षी जिवंत सांपडला. मध्यें गेलीं होतीं एकशें अडतीस वर्षें आणि कांहीं महिने.

खरी गोष्ट याच्याहि पुढची आहे. मग लोकांनीं संग्रहालयांतले खण उघडून जुनीं कातडीं पुन्हां तपासावयास घेतलीं. तों काय? हाच पक्षी इतर वटवट्यांत, विशेषतः ब्लाइथच्या वटवट्यांत, चुकीची चिठ्ठी पायाला बांधलेला असा अनेक ठिकाणीं निघाला. २००८ पर्यंत अशीं दहा-बारा कातडीं ओळखलीं गेलीं. पक्षी नाहींसा झालेलाच नव्हता. तो खणांत होता, आणि कोणीं तरी आत्मविश्वासानें चिठ्ठी लिहिली होती म्हणून पुन्हां पाहण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. २००९ मध्यें अफगाणिस्तानच्या ईशान्येस, बदख्शान प्रांतांतल्या उंच खोऱ्यांत, हे पक्षी घरटीं करतांनाहि आढळले.

आम्हीं हें वाचलें त्या रात्रीं आम्हांस आमची तांबडी शाई आठवली.

२०२१ च्या मार्चांत आम्हीं नोंदवही दुरुस्त केली. जुन्या ओळीवर रेघ मारली, ती पुसली नाहीं. खालीं दोन नव्या ओळी लिहिल्या आणि तारीख घातली. त्या मुलाची वही शोधण्याचाहि प्रयत्न केला. त्या सालच्या सर्व वह्या उन्हाळ्याच्या सुटींत रद्दींत गेल्या होत्या, आणि रद्दीची पावती आमच्याच सहीची होती. तेव्हां दहापैकीं चाराचे दहा करण्याची सोयहि उरली नाहीं.

तो मुलगा भेटला २०२३ च्या नोव्हेंबरांत. आठवड्याच्या बाजारांत आम्ही भाजी घेऊन परत फिरलों असतां मासळीच्या रांगेंतून कोणी तरी "सर!" अशी हांक मारली. उंच झाला होता. मिशी फुटली होती. समोर टोपलींत कटला आणि मरळ होते. आम्हांस वाटलें होतें कीं, कधीं काळीं तो भेटला तर काय बोलावयाचें तें आमच्या मनांत तयार आहे, प्रत्यक्षांत भाजीची पिशवी या हातांतून त्या हातांत घेत आम्हीं एवढेंच म्हटलें, "अरे, तूं नववींत तळ्यातल्या पक्ष्याबद्दल लिहिलें होतेंस, तें बरोबर होतें. चूक आमची होती."

त्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें. "ते व्हय?" म्हणाला. "भिवईवालं?" आणि मान खालीं घालून तराजूच्या पारड्यांतलें पाणी निथळूं लागला. मग म्हणाला, "मला वाटलं, सरांनीं लिहिलंय म्हंजी आपलंच डोळं चुकत असतील. मग मी बघायचंच सोडलं हुतं काही दिवस."

या वाक्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. शेजारच्या बाई गिऱ्हाइकाशीं भावावरून हुज्जत घालीत होत्या. त्यानें एक मरळ उचलून आमच्या पिशवींत घातला आणि पैसे घेण्याचें नाकारलें; आम्हीं बळेंच दिले; त्यानें अर्धेच घेतले. आम्ही निघणार तोंच तो म्हणाला, "पन सर, तळ्यात तिसरा बी हाय."

"तिसरा?"

"बुलबुलाएवढा. ह्या दोघांपेक्षा लई मोठा. मातकटच हाय, पन आवाज असा कर्कश, जसं कोनी डब्यात खडं हलवतंय. उन्हाळ्यात बी जात न्हाई. बोरूत खोपा करतो, दांड्यांला बांधून. माझ्या बानं दावला हुता."

आमच्या नोंदवहींत असा पक्षी नव्हता. पुस्तकांत होता काय, हें पाहण्याची इच्छा झाली, पण या वेळीं आम्हीं आधीं पुस्तक उघडलें नाहीं. केव्हां यावें तें विचारलें.

"उद्या पाटं. सा वाजता. चपला घालू नका सर, चिखल हाय."

दुसऱ्या दिवशीं आम्ही अनवाणी गेलों. तो आणि त्याचे वडील गुडघाभर पाण्यांत जाळें ओढीत होते. आम्हांस पाहून वडिलांनीं रामराम केला आणि पुन्हां दोरीस हात घातला. बराच वेळ कांहींच नव्हतें. धुकें, जाळ्याचें पाणी गळण्याचा आवाज, आणि दूर कोठें तरी भातशेतांतल्याची हलकी हांक. मग बोरूंच्या दाटींतून एकदम असा कांहीं कर्कश किरकिराट उठला कीं, आम्ही दचकलों. मुलाचे दोन्ही हात दोरींत गुंतले होते, म्हणून त्यानें हनुवटीनें दिशा दाखविली.